दहा दिवसांत बाराही किल्ले दाखवायचेत, जमेल का?

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू १३ डिसेंबरला जर्मनीहून कोल्हापूरला येतायत, २८ ला परत जाणार. युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले आले तेव्हापासून मुलाच्या डोक्यात एकच, की या खेपेला बाराही किल्ले करायचे. १५ ते २४ डिसेंबर असे दहा दिवस त्यासाठी राखून त्यानं एक्सेलची शीट पाठवली आहे. रोज पहाटे पाचला निघायचं, एकेका दिवशी दोन किल्ले, सिंधुदुर्गाला ४५ मिनिटं. यांचं वय ६८, उजवा गुडघा दुखतो. मला चालायला काही त्रास नाही. दुसरी काळजी नातवाची आहे. त्यानं तिकडे पुष्कळ कॅसल पाहिलेत. पलंग, झुंबरं, चिलखतं, सगळं जागच्या जागी. आपल्याकडचे पडके तट बघून तो ‘यात काय आहे?’ म्हणाला तर आम्ही काय उत्तर द्यायचं? – एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी शीटबद्दल बोलतो. नाही जमणार. मुलाचा उत्साह खरा आहे आणि त्याला नाउमेद करायचं मला जिवावर येतं, पण नकाशा उघडून बघा. बारापैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. साल्हेर तिकडे नाशिक जिल्ह्यात बागलाणात, कोल्हापुरापासून साडेपाचशे किलोमीटर. जिंजी आठशेहून जास्त, आणि तेही अगदी उलट दिशेला. खांदेरी आणि सुवर्णदुर्ग समुद्रात, म्हणजे बोट, भरती-ओहोटी आणि बोटवाल्याची सवड यांच्या हवाली. राजगड पायथ्यापासून चढायलाच अडीच-तीन तास घेतो. या सगळ्याची बेरीज केली तर दहातले निम्मे दिवस गाडीत जातात, आणि ज्यांचा गुडघा दुखतो त्यांचे सगळेच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याची बहीण आणि तिची दोन मुलं आली होती. चार दिवसांत सात किल्ले असा बेत मीच आखला होता. तिसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची होडी परत आलेली होती. समोर पाण्यात सिंधुदुर्गाचा तट, मागे सूर्य चाललेला, आणि पोरं कठड्यावर बसून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी थांबायला सवड नव्हती, कारण पुढचा किल्ला ठरलेला. भाची आता पंचविशीची आहे. त्या सहलीतलं तिला काय आठवतं विचारलं तर गाडीत लागलेली उलटी आणि तो धक्का, एवढंच. तेव्हापासून मी कुणालाही एका दिवशी दोन मोठे किल्ले सांगत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. मुलाला यादीच पाहिजे आहे ना, मग यादीच नीट वाचूया. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत जे नोंदलं गेलं त्याचं नाव ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ असं आहे. नुसते बारा किल्ले म्हणून ते नोंदलेले नाहीत. डोंगर, जंगल, पठार, किनारा, बेट अशा सगळ्या जमिनीचा संरक्षणासाठी कसा वापर करून घेतला, ती रीत नोंदली गेली. म्हणून त्या बारांचे पाच प्रकार केलेत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड हा जंगलानं वेढलेला डोंगरी किल्ला. पन्हाळा पठारावरचा. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही बेटं.

म्हणजे प्रत्येक प्रकारातला एकेक घेतला की पाच किल्ले होतात, आणि ते पाचही कोल्हापुरातून निघून सुखानं करता येतात : पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, प्रतापगड, रायगड. प्रतापगड, पन्हाळा आणि विजयदुर्ग तर आपापल्या प्रकारात यादीत एकटेच आहेत. मुलाला असं सांगा, की बारातलं मर्म या पाचांत येतं. हे मी त्याची समजूत काढायला म्हणत नाही, यादी करणाऱ्यांनीच ती तशी मांडली आहे.

पहिला पन्हाळा, आणि तिथं मुक्काम. आपण कोल्हापूरकर पन्हाळ्याला काय करतो? रविवारी दुपारी वीस किलोमीटर गाडी हाणायची, झुणका-भाकर, खरडा आणि दही खायचं, तबक उद्यानात पोरांना सोडायचं, अंधार पडायच्या आत रंकाळ्यावर परत. जन्मभर शेजारी राहून गड बघितलेलाच नसतो. तुम्ही १५ ला दुपारी जा, रात्र वर काढा आणि १६ ची सकाळ गडाला द्या. डिसेंबरात सकाळी धुकं असतं. ते उठेपर्यंत चहा घेऊन तीन दरवाज्याशी थांबा. जवळजवळ सगळीकडे गाडी जाते, त्यामुळे काकांना त्रास नाही.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तरही पन्हाळ्यावरच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

जर्मनीतला त्याचा सगळ्यात आवडता कॅसल बहुधा नॉयश्वानश्टाइन असणार, तिकडच्या मुलांचा असतोच. फार देखणी वास्तू आहे. पण तिचं काम सुरू झालं १८६९ मध्ये. सिंधुदुर्गाचा पाया घातल्याला तेव्हा दोनशे वर्षं उलटून गेली होती. दुसऱ्या लुडविग राजानं हौसेनं बांधलेलं ते स्वप्न आहे. त्यावर कुणी चालून येणार होतं म्हणून ते बांधलेलं नाही. आपले गड चालून येणाऱ्यासाठी बांधलेले. तेव्हा तिथं पलंग शोधायचा नाही. शोधायचं ते दार, पाणी आणि धान्य. शत्रू आत येणार कुठून, त्याला अडवायचं कसं, वेढा पडला तर प्यायचं काय आणि खायचं काय. एवढं पोराच्या हातात दिलं की तो तुम्हालाच ओढत नेईल, हे मी माझ्या घरातल्या चार पोरांवर बघितलंय.

पन्हाळ्यावर हे तिन्ही एका सकाळीत सापडतं. दार म्हणजे तीन दरवाजा. एकामागोमाग दारं आणि मध्ये चौक. बाहेरचं दार फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात कोंडला जातो आणि वरून मारा होतो. नातवाला चौकाच्या मधोमध उभा करा आणि वर बघायला सांगा. पाणी म्हणजे अंधारबाव. बाहेरून ही विहीर वाटतच नाही, काळ्या दगडाची साधी इमारत वाटते. तीन मजले आहेत. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांना बसायची जागा आणि भिंतीतून तटाबाहेर निसटायची वाट. शत्रूनं वेढा घातला की पहिलं काम पाण्यात विष कालवायचं, म्हणून पाणीच इमारतीत लपवलेलं. उन्हातून आत शिरल्यावर दोन मिनिटं काही दिसत नाही, मग हळूहळू पायऱ्या आणि खालचं पाणी दिसायला लागतं. ती दोन मिनिटं मोबाइलचा उजेड कुणी लावू नका. पायऱ्या ओल्या असतात, काकांनी वरच थांबावं. आणि धान्य म्हणजे अंबारखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत जाऊन पोराला एक हाळी मारू द्या.

हे तिन्ही बघून झाल्यावर मग १६६० ची गोष्ट सांगा, आधी नको. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. राजापूरचे इंग्रज लांब पल्ल्याची तोफ घेऊन त्याच्या मदतीला आलेले. चार महिने गड तगला तो कशावर, हे आता नातवानं स्वतः पाहिलेलं असेल. मग राजदिंडीपाशी जा. याच वाटेनं जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज विशाळगडाकडे निघाले. खालच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला आणि मारला गेला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं पडली. विशाळगड तिथून पन्नासहून जास्त किलोमीटर, रानवाटेनं. राजदिंडीच्या वाटेवर नातवाला घेऊन शंभर पावलं उतरा आणि परत या. नेबापुरात शिवा काशीदांची समाधी आहे, उतरताना तिथं गाडी थांबवायला विसरू नका.

१७ ला घरी. आणि पलंग-झुंबरं बघायची हौस असेलच तर ती इथं भागते. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ मध्ये बांधला, मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यावर. आत छत्रपती घराण्याची शस्त्रं, पोशाख, दरबार हॉल, सगळं आहे. पन्हाळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बघितला की गड आणि राजवाडा यांतला फरक पोराला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

१८ ते २० कोकण. इथं वाट हाच प्रवासाचा निम्मा भाग आहे. सकाळी सातला निघून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्ग. निघायच्या आदल्या दिवशी घाट सुरू आहे का ते विचारून घ्या. कामासाठी किंवा दरड आल्यावर तो बंद असतो, तेव्हा भुईबावड्यानं उतरावं लागतं. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून खाली कोकण दाखवा. देशावरचा माल बंदरात आणि बंदरातला माल देशावर याच घाटांनी जायचा. वर पन्हाळा आणि खाली विजयदुर्ग का आहेत, हे त्या वळणावर उभं राहिल्यावर आपोआप कळतं.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. तटाच्या आत तट, त्याच्या आत तट, अशी तिहेरी बांधणी. गाडी दारापर्यंत जाते, आतली चाल बेताची. दुपारचं ऊन टाळून चारनंतर चढा आणि पश्चिमेच्या बुरजावर बसा. या गडाशी एक दुखरी गोष्ट जोडलेली आहे, ती मुलाला आणि सुनेला सांगा. कान्होजी आंग्र्यांनी वाढवलेलं आरमार त्यांचा मुलगा तुळाजी इथून चालवायचा. त्याचं आणि पेशव्यांचं वाकडं आलं. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, वॉटसन आणि क्लाइव्ह गलबतं घेऊन आले, आणि आंग्र्यांचं आरमार याच खाडीत जळून गेलं. आपल्याच दोघांच्या भांडणात. मी त्या बुरजावर दरवेळी गप्प होतो.

विजयदुर्गहून देवगड, कुणकेश्वर, आचरा असा समुद्राच्या कडेनं रस्ता मालवणला जातो. सावकाश जा, कुणकेश्वरी थांबा. मालवणात त्या संध्याकाळी दोन कामं करायची. एक, किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघायचा. सिंधुदुर्ग बांधायच्या आधी पूजा झाली ती तिथं, २५ नोव्हेंबर १६६४ ला. दोन, धक्क्यावर जाऊन होडीवाल्याशी बोलून ठेवायचं, की सकाळी पहिल्या फेरीला येणार आणि आम्हाला गडावर अडीच-तीन तास पाहिजेत. एरवी तासाभरात हाका मारायला लागतात. हे मी त्या जुन्या चुकीतून शिकलो.

सकाळी होडी गडाजवळ जायला लागली की नातवाला विचारा, दार कुठाय? सापडणार नाही. अगदी जवळ जाईपर्यंत नुसता तट दिसतो. मग होडी बुरजाला लागते, दोन बुरजांच्या बेचक्यात माणसं वळून आत जातात आणि तेव्हा दार दिसतं. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही गोडी. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. अठ्ठेचाळीस एकरांचं हे बेट तीन वर्षांत तटानं बांधून काढलं, आणि त्या तटावर गेली साडेतीनशे वर्षं लाटा आपटतायत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आत आहे. चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा पुजारी दाखवतात. काकांसाठी होडीत चढता-उतरताना दोन माणसं पुढे-मागे पाहिजेत, बाकी आत सपाटी आहे. २० ला कणकवलीवरून फोंडा घाटानं, दाजीपूर-राधानगरीमार्गे घरी. उजेडात घाट चढा, त्या रानात गवे रस्त्यावर येतात.

२१ ला पुन्हा घरी. कपडे धुवा, झोपा, मिसळ खा.

२२ ला साताऱ्यावरून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटानं खाली प्रतापगड. महाबळेश्वरात मुक्काम मुळीच करू नका. नाताळच्या आठवड्यात तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. प्रतापगडाच्या बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते, पण पुढे तीन-चारशे पायऱ्या आहेत. काकांना जमेल तेवढ्या चढू द्या, भवानीच्या देवळापाशी बसवा. बाकीच्यांनी बालेकिल्ल्यावरून खालचं जावळीचं रान बघावं. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाला एवढी मोठी फौज घेऊन इथं यायला का भाग पाडलं, ते त्या रानाकडे बघूनच समजतं. हत्ती, घोडे, तोफा, सगळं या झाडीत अडकलं. संध्याकाळी पोलादपूरवरून महाडला मुक्काम.

२३ चा अख्खा दिवस रायगडाला. रोपवे आहे, आणि तुम्ही दोघं रोपवेनंच जा. तो चालू असल्याची आदल्या दिवशी खात्री करून घ्या. पण मुलानं आणि नातवानं पायऱ्यांनी चढावं, माझा यासाठी आग्रह आहे. रोपवे तुम्हाला मेणा दरवाज्याजवळ सोडतो, त्यामुळे महादरवाजा चुकतो. आणि रायगडचा महादरवाजा न बघता रायगड बघितला असं मी तरी म्हणणार नाही. दोन प्रचंड बुरूज एकमेकांना आडवे येतात, वाट वळते आणि मगच दार समोर येतं. सिंधुदुर्गाची आठवण नातवालाच होईल. पाण्यातल्या आणि डोंगरावरच्या, दोन्ही गडांशी नाव जोडलेलं आहे ते हिरोजी इंदुलकरांचं. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर त्यांच्या नावाचा दगड आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. एवढी राजधानी उभी केली आणि नाव लावलं ते पायरीला. नातवाला वाकून ती अक्षरं लावायला सांगा. सुटीत येणाऱ्या पोरांना बाळबोध अक्षर वाचायला लावायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

राजसदरेत एकानं नगारखान्यापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं सिंहासनाच्या चौथऱ्याकडे, मग हळू आवाजात बोलायचं. ऐकू येतं. वाडे कुठं गेले असं नातवानं विचारलं तर खरं ते सांगा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, लाकडी इमले जळून गेले, दगडी जोती राहिली. आपले बरेच गड पडके दिसतात त्याचं कारण म्हातारपण नाही, मुद्दाम केलेली मोडतोड आहे. पन्हाळ्याचा चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर असाच पाडला. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी, आणि २४ ला परतीचा रस्ता.

राहिलेल्या सातांबद्दल थोडक्यात. राजगड मुलानं मित्रांबरोबर एखाद्या खेपेला रात्रीच्या मुक्कामानं करावा. शिवनेरी आणि लोहगड पुण्याला जाणं होईल तेव्हा एकेका दिवसात होतात. साल्हेर महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. नातू बारा-तेरा वर्षांचा होऊ द्या. सुवर्णदुर्ग दापोलीच्या सहलीत, हर्णैच्या बोटीनं. खांदेरीला बोटीची आणि परवानगीची चौकशी आधी केल्याशिवाय निघू नका. जिंजी मात्र स्वतंत्र प्रवास करून बघावी अशी आहे. १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्यावरूनच तिकडे निघाले होते, आणि नंतरची आठ वर्षं मराठ्यांचं राज्य तिथून चाललं.

बाकी सूचना अशा. मुलाला गाडी चालवू देऊ नका. तिकडे उजवीकडून चालवायची सवय, त्यात झोपेचं चक्र बिघडलेलं आणि आपले घाट. इनोव्हा आणि घाटातला मुरलेला ड्रायव्हर घ्या. काकांना काठी आणि गुडघ्याचा पट्टा, दोन्ही. प्रत्येकाला बूट, चपला नकोत. नातवाला एक वही द्या : एका पानावर एक गड, आणि दार, पाणी, धान्य कुठं सापडलं त्याचं चित्र त्यानं काढायचं. पन्हाळ्याची खोली आणि मालवणचं घरगुती राहणं आजच फोन करून ठरवा, डिसेंबर उजाडला की मिळत नाही. आणि शीटमध्ये सिंधुदुर्गापुढे लिहिलेली ती ४५ मिनिटं, तेवढी आजच खोडायला सांगा.